विमानातली हवा आणि इंजिनाचे तेल: एका जुन्या विषाचा इतिहास



विमानात जागेवर बसून पट्टा बांधला की आपला हात डोक्यावरच्या छोट्या गोल झरोक्याकडे जातो. तो फिरवला की थंड हवा येते. ही हवा येते कुठून? काहींना वाटते, घरातल्या एसीसारखी आतलीच हवा गार होऊन फिरत असेल. काहींना वाटते, सिलिंडरमधला ऑक्सिजन सोडत असतील. या दोन्ही समजुती चुकीच्या आहेत.

हा विषय आज घेण्याचे कारण साधे आहे. ओझरला विमानतळ सुरू झाल्यापासून नाशिककरांना विमान पकडायला दर वेळी मुंबई गाठावी लागत नाही. घरातले आजी-आजोबाही आता विमानाने जातात. आपल्या शहरातली मुले-मुली केबिन क्रू आणि वैमानिक होण्याचे प्रशिक्षण घेतात, आणि त्यांचे पालक विचारतात, "डॉक्टर, रोज विमानात राहून तब्येतीला काही होत नाही ना?" याचे उत्तर एका वाक्यात देता येत नाही. त्यासाठी थोडा इतिहास समजून घ्यावा लागतो. त्या इतिहासात एक पान मुंबईचे आहे आणि एक गोव्याचे.

हवा येते इंजिनातून

२० सप्टेंबर २०१८ ची घटना अनेकांना आठवत असेल. जेट एअरवेजचे मुंबई-जयपूर विमान उडाले आणि थोड्याच वेळात केबिनमध्ये ऑक्सिजनचे मास्क खाली आले. विमानात १६६ प्रवासी होते. त्यांतल्या सुमारे ३० जणांच्या नाकातून किंवा कानातून रक्त आले. विमान मुंबईला परत आणावे लागले. चूक काय झाली होती? केबिनला हवा पुरवणारा 'ब्लीड'चा स्विच सुरू करायचा राहून गेला होता.

ब्लीड म्हणजे इंजिनातून काढून घेतलेली हवा. जेट इंजिन समोरून हवा ओढते आणि ती प्रचंड दाबते. या दाबलेल्या हवेत इंधन मिसळून पेटवण्यापूर्वीच तिचा काही भाग बाजूला घेतात, थंड करतात आणि केबिनमध्ये सोडतात. तीस-पस्तीस हजार फुटांवर बाहेरची हवा इतकी विरळ असते की माणूस काही क्षणांतच बेशुद्ध पडेल. ब्लीडच्या हवेमुळे केबिनमधला दाब साधारण सहा ते आठ हजार फूट उंचीच्या डोंगरावर असतो तेवढा राखता येतो. आपले कळसूबाई शिखर ५४०० फुटांचे आहे. म्हणजे विमानात आपण कळसूबाईपेक्षा थोडे उंच बसलेलो असतो असे समजा.

आता तुम्ही म्हणाल, "पण विमानात हेपा फिल्टर असतात ना?" असतात. केबिनमधली साधारण निम्मी हवा ताजी असते आणि निम्मी पुन्हा फिरवलेली. हेपा फिल्टर असतो तो या फिरवलेल्या हवेसाठी. जंतू आणि धूळ तो उत्तम पकडतो, म्हणून करोनाच्या काळात त्याचे इतके नाव झाले. पण इंजिनाकडून येणारी ताजी हवा केबिनमध्ये शिरण्यापूर्वी सहसा त्यातून जात नाही. शिवाय वाफ आणि वायू हेपात अडकत नाहीत.

ऑइल सील आणि टीसीपी

जुन्या मोटारसायकलचे ऑइल सील गेले की सायलेन्सरमधून निळसर धूर येतो, हे सातपूर-अंबडच्या कुठल्याही मेकॅनिकला विचारा. जेट इंजिनातही फिरत्या भागांना तेल लागते आणि ते तेल जागच्या जागी ठेवायला सील असतात. हे सील पूर्ण बंद झाकणासारखे नसतात. हवेच्या दाबावर ते तेल अडवून धरतात. सील झिजले, तेल जास्त भरले गेले किंवा इंजिनाचा वेग अचानक बदलला, तर थोडे तेल दाबलेल्या हवेत मिसळू शकते. तिथली हवा शेकडो अंश तापलेली असते. तेल तापते, काही अंशी करपते आणि त्याची वाफ ब्लीडच्या वाटेने केबिनकडे निघते.

विमानाच्या इंजिनाचे तेल आपल्या गाडीतल्या तेलासारखे नसते. ते कृत्रिम असते आणि त्यात भागांची झीज होऊ नये म्हणून साधारण तीन टक्के ट्रायक्रेसिल फॉस्फेट, म्हणजेच टीसीपी, घातलेले असते. हे रसायन ऑर्गनोफॉस्फेट गटातले आहे.

हा शब्द निफाड-दिंडोरीच्या द्राक्ष बागायतदारांना नवा नाही. आपल्या ओळखीची कितीतरी कीटकनाशके याच गटातली आहेत. मात्र सगळी ऑर्गनोफॉस्फेट सारखी वागत नाहीत. कीटकनाशक पोटात गेले तर तासाभरात लाळ गळते, घाम फुटतो, बाहुली बारीक होते आणि श्वास अडतो. टीसीपीच्या एका प्रकाराचे, टीओसीपीचे, वागणे वेगळे असते. सुरुवातीला पोट बिघडते आणि बरे वाटते. मग एक ते तीन आठवड्यांनी पोटऱ्या दुखू लागतात, पायांना मुंग्या येतात आणि पावले लुळी पडतात. लांबलचक मज्जातंतू टोकाकडून खराब होत येतात. तोवर काय खाल्ले होते हे माणूस विसरूनही गेलेला असतो.

अमेरिका १९३०, मोरोक्को १९५९

या विषाची जगाला ओळख झाली ती दारूबंदीमुळे. १९३० मध्ये अमेरिकेत आल्याचा अर्क औषध म्हणून मिळत असे आणि त्यात भरपूर अल्कोहोल असल्याने गरीब लोक तो दारूऐवजी पीत. सरकारी तपासणीला चकवण्यासाठी त्यात टीओसीपी असलेले रसायन मिसळले गेले आणि हजारो माणसे लंगडी झाली. पाऊल उचलता येत नसल्याने ती पाय आपटत चालत. या चालीला तिथे 'जेक' या अर्काच्या टोपणनावावरून नावच पडले.

दुसरा मोठा प्रसंग आपल्या विषयाच्या अगदी जवळचा आहे. १९५९ च्या शरद ऋतूत मोरोक्कोतल्या मेकनेस शहरात एकाएकी माणसांचे पाय लुळे पडू लागले. सुरुवातीला पोलिओची शंका आली. पण आजारी पडणारी बरीचशी माणसे मोठ्या वयाची आणि गरीब वस्तीतली होती. तपास करता करता डॉक्टर स्वयंपाकाच्या तेलापर्यंत पोहोचले. अमेरिकी हवाई तळावरून विकले गेलेले जास्तीचे जेट इंजिनाचे तेल व्यापाऱ्यांनी खाद्यतेलात मिसळून विकले होते. सुमारे १०,००० लोक बाधित झाले. अनेक देशांच्या रेड क्रॉस संस्थांनी तिथे डॉक्टर आणि व्यायामोपचार करणारी माणसे पाठवली.

म्हणजे जेट इंजिनाच्या तेलातले हे रसायन माणसाचे काय करू शकते, हे १९५९ मध्येच ढळढळीत दिसले होते. फरक एवढाच की तिथे ते पोटातून गेले होते, आणि तेही मोठ्या प्रमाणात.

मुंबई १९६०

मोरोक्कोची बातमी ताजी असतानाच असे रुग्ण आपल्या मुंबईत दिसले. १९६० मध्ये मुंबईतल्या काही कुटुंबांत पायांची ताकद जाण्याचा तोच आजार आला. डॉ. डी. डी. व्होरा, मज्जाविकृतीतज्ज्ञ डॉ. दराब दस्तूर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या रुग्णांचा अभ्यास केला आणि १९६२ मध्ये तो इंग्लंडच्या एका प्रतिष्ठित वैद्यकीय नियतकालिकात छापला. त्यांच्या निदानाचा सारांश होता: ऑर्थो-क्रेसिल फॉस्फेटने झालेली मज्जातंतूंची विषबाधा. वाहक होते मोहरीचे भेसळयुक्त तेल. पुढे १९८८ मध्ये कोलकात्याच्या बेहाला भागातही भेसळीच्या तेलामुळे शेकडो लोकांना हाच आजार झाला.

मुंबईच्या या डॉक्टरांचे काम मला महत्त्वाचे वाटते ते एका गोष्टीसाठी. रुग्णाच्या पायातली कमजोरी पाहून ते 'अशक्तपणा' म्हणून थांबले नाहीत. एकाच घरातली, एकच तेल वापरणारी माणसे आजारी का, हे त्यांनी विचारले. आणि त्यांच्या हाताशी एक पुरावा होता: तेल. तेल डब्यात उरते आणि दुकानात साठा सापडतो. ते प्रयोगशाळेत नेता येते.

विमानातल्या हवेचे तसे नाही. केबिनमधली हवा तासाला वीस-तीस वेळा बदलते. विमान उतरून दार उघडले की राहिलेली हवाही जाते. 'डबा' उरतच नाही. पुढच्या साठ वर्षांच्या वादाचे मूळ इथे आहे.

इंजिनातून थेट केबिनमध्ये

१९६० च्या फेब्रुवारीत एअर इंडियाने पहिले बोइंग ७०७ जेट आणले. त्या विमानात केबिनसाठी बाहेरची हवा दाबायला वेगळे टर्बोकॉम्प्रेसर होते. पुढे विमान कंपन्यांनी हे वेगळे यंत्र काढून टाकले आणि इंजिनातूनच थेट हवा घेण्याची पद्धत रूढ झाली. त्यामुळे यंत्रांची संख्या, वजन आणि दुरुस्ती सगळेच कमी झाले. व्यवहाराच्या दृष्टीने ते शहाणपणाचे होते. पण इंजिनाचे तेल आणि प्रवाशाचे फुफ्फुस यांच्यामध्ये आता फक्त सील उरले.

इंजिनाच्या तेलाने हवा दूषित होऊ शकते, हे अभियंत्यांनी १९५० च्या दशकातच ओळखले होते. तेल बनवणाऱ्यांनी काळाच्या ओघात टीसीपीमधला सर्वांत घातक 'ऑर्थो' भाग खूपच कमी केला. ही चांगली सुधारणा होती. आजचे तेल १९५९ च्या तेलासारखे नाही, हे लक्षात ठेवा.

१९७७ मध्ये एका वैद्यकीय नियतकालिकात एका रुग्णाची हकिकत छापून आली. लष्करी वाहतूक विमानातला पूर्ण निरोगी कर्मचारी उड्डाणात एकाएकी आजारी पडला. मळमळ, उलट्या, गोंधळलेपणा, तोल जाणे अशा तक्रारी होत्या. चोवीस तासांत तो ठीक झाला. इंजिनातून गळलेल्या तेलाची वाफ श्वासात गेल्याने हे झाले, असे डॉक्टरांनी नोंदवले.

ऑस्ट्रेलिया आणि स्वीडन

१९९० च्या दशकात चार इंजिनांचे बीएई १४६ हे छोटे विमान चर्चेत आले. ऑस्ट्रेलियात त्यावर काम करणाऱ्या हवाई सेविका आणि वैमानिक 'घाणेरड्या मोज्यांसारखा वास' येतो, मग डोके दुखते, डोळे चुरचुरतात, काही सुचत नाही, अशा तक्रारी करू लागले. बऱ्याच जणांना थकवा, ताण, मनाचे खेळ अशी उत्तरे मिळाली. अखेर ऑस्ट्रेलियाच्या संसदेच्या वरिष्ठ सभागृहाच्या समितीने चौकशी केली आणि ऑक्टोबर २००० मध्ये अहवाल दिला. साधारण त्याच सुमारास तीन देशांतल्या तीन तज्ज्ञांनी या तक्रारींच्या समूहाला 'एरोटॉक्सिक सिंड्रोम' असे नाव सुचवले.

याच जातीच्या विमानात १२ नोव्हेंबर १९९९ रोजी स्वीडनमध्ये जे घडले, ते क्रूच्या तब्येतीचा प्रश्न प्रवाशांच्या सुरक्षेशी कसा जोडलेला आहे हे दाखवते. माल्मोला उतरत असताना दोन्ही वैमानिकांना एकदम बरे वाटेनासे झाले. त्यांनी ऑक्सिजनचे मास्क लावले, थोड्या वेळाने सावरले आणि विमान सुखरूप उतरवले. केबिनची हवा बहुधा दूषित असल्याने वैमानिक तात्पुरते अकार्यक्षम झाले, असा निष्कर्ष स्वीडनच्या अपघात चौकशी मंडळाने काढला. मास्क वेळेवर लावले नसते तर काय झाले असते, हे वेगळे सांगायला नको.

आणखी एक प्रकरण न्यायालयात गेले. ४ मार्च १९९२ रोजी सिडनीहून ब्रिस्बेनला जाणाऱ्या बीएई १४६ मध्ये उतरताना धूर पसरला. विमानात जोआन टर्नर ही हवाई सेविका कामावर होती, तेव्हा ती गरोदर होती. त्यानंतर तिचा खोकला थांबलाच नाही. न्यू साउथ वेल्सच्या न्यायाधिकरणाने २००९ मध्ये तिच्या बाजूने निकाल दिला. कंपनी वर गेली, पण २०१० मध्ये ऑस्ट्रेलियाच्या सर्वोच्च न्यायालयाने अपील ऐकायला नकार दिला. धूर आणि निकाल यांच्यामध्ये सतरा वर्षे गेली. इथे सिद्ध झाली ती तेलाच्या धुराने झालेली फुफ्फुसाची इजा. मज्जातंतूंच्या कायमच्या नुकसानीचा निवाडा हा नव्हता. दोन्ही गोष्टींची गल्लत करू नये.

विज्ञान आज काय म्हणते?

इथे मला तुम्हाला घाबरवायचे नाही आणि खोटा धीरही द्यायचा नाही.

ब्रिटनमधल्या क्रॅनफील्ड विद्यापीठाने १०० उड्डाणांत हवेचे नमुने घेतले. २०११ मध्ये त्याचा अहवाल आला. पंचाण्णव टक्क्यांहून अधिक नमुन्यांत टीसीपी सापडलेच नाही. म्हणजे रोजच्या सामान्य उड्डाणात हवा बहुतांशी ठीक असते. पण त्या १०० उड्डाणांत औपचारिक नोंद करावी लागेल असा मोठा धुराचा प्रसंग घडलाच नव्हता. ज्या दिवशी गळती होते त्या दिवशी हवेत काय असते, हा प्रश्न त्या अभ्यासानंतरही शिल्लक राहिला.

असे प्रसंग किती वेळा होतात? ब्रिटनच्या सरकारी विषशास्त्र समितीने २००७ मध्ये दिलेला अंदाज पाहा. वैमानिकांच्या सांगण्यावरून साधारण १०० उड्डाणांत एकदा, आणि दुरुस्ती करणाऱ्या अभियंत्यांनी तपासून खात्री केलेले २००० उड्डाणांत एकदा. या दोन आकड्यांत वीस पटींचा फरक आहे. कारण तेच. वास येतो, विमान उतरते, वास जातो, आणि तपासायला काही उरत नाही.

'एरोटॉक्सिक सिंड्रोम' हे आजाराचे अधिकृत नाव म्हणून अजून मान्य झालेले नाही. डोकेदुखी, थकवा, विसर पडणे ही लक्षणे पाळीची झोप, कोरडी हवा, कमी ऑक्सिजन, चिंता यांनीही होतात. रक्ताची अशी एकही खात्रीची चाचणी आज नेहमीच्या लॅबमध्ये होत नाही, की जिच्यावरून विमानातल्या तेलाचीच बाधा झाली असे ठामपणे सांगता येईल. पण पुरावा नाही म्हणजे आजार नाही, असेही म्हणता येत नाही, विशेषतः पुरावा गोळा करण्याची सोयच नसेल तेव्हा.

गोवा ते हैदराबाद, २०२२

आता आपल्या जवळची घटना. १२ ऑक्टोबर २०२२ रोजी स्पाइसजेटचे क्यू ४०० हे पंख्याच्या इंजिनांचे विमान गोव्याहून हैदराबादला निघाले. उतरण्याच्या बेतात असताना केबिनमध्ये धूर भरला. विमान हैदराबादला सुखरूप उतरले आणि प्रवाशांना तातडीने बाहेर काढले गेले. त्या गडबडीत एका प्रवाशाच्या पायाला किरकोळ खरचटले. प्रवाशांनी मोबाइलवर टिपलेली धुराची दृश्ये देशभर पाहिली गेली.

नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाने, म्हणजे डीजीसीएने, प्राथमिक तपासात सांगितले की इंजिनाच्या ब्लीड-ऑफ व्हॉल्व्हमध्ये तेल सापडले. ते तेल वातानुकूलन यंत्रणेत गेले आणि त्यामुळे धूर झाला. त्यानंतर कंपनीच्या वापरातल्या सगळ्या क्यू ४०० विमानांच्या इंजिनांतील तेलाचे नमुने दर पंधरा दिवसांनी कॅनडातल्या इंजिन उत्पादकाकडे पाठवण्याचा आदेश निघाला. त्यात धातूचे आणि कार्बन सीलचे कण आहेत का, ते पाहायचे होते. व्हॉल्व्हच्या जाळीची तपासणी करायलाही सांगितले.

मुंबईत १९६० मध्ये डॉक्टर तेलापर्यंत पोहोचले होते. इथे तपास करणारे पुन्हा तेलापर्यंत पोहोचले, आणि तेलात सीलचे कण शोधू लागले. सील झिजते आहे हे धूर होण्याआधी कळावे, हा त्यामागचा हेतू. हे योग्य पाऊल होते. पण ही तपासणी इंजिनाची झाली. त्या दिवशी केबिनमध्ये माणसांनी कोणती हवा श्वासात घेतली, हे मोजणारे यंत्र आजच्या बहुतेक प्रवासी विमानांत नसते. आपल्या घरात गॅसगळती सांगणारा अलार्म मिळतो, विमानाच्या केबिनमध्ये तेलाच्या वाफेचा अलार्म नाही.

सुधारणा होत नाहीत असे नाही. २०११ मध्ये सेवेत आलेल्या बोइंग ७८७ मध्ये केबिनची हवा इंजिनातून घेतच नाहीत. विजेवर चालणारे वेगळे कॉम्प्रेसर बाहेरची हवा दाबतात. म्हणजे १९६० च्या कल्पनेकडेच नव्या रूपात परत जाणे झाले. २०१५ मध्ये आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटनेने, म्हणजे आयसीएओने, अशा वासांची ओळख, क्रूचे प्रशिक्षण आणि नोंद कशी करावी यावर मार्गदर्शिका काढली.

तुम्ही प्रवासी असाल तर

वर्षातून चार-सहा वेळा विमानाने जाणाऱ्याने या विषयाची धास्ती घेऊ नये. तुमचा धोका अगदी कमी आहे. तरी हे लक्षात ठेवा:

१. जमिनीवर रांगेत उभे असताना येणारा रॉकेलसारखा वास बहुधा पुढच्या विमानाच्या धुराचा असतो. उड्डाणात किंवा उतरताना करपलेल्या तेलाचा किंवा घामट मोज्यांचा वास आला, धूसर दिसू लागले, तर बटण दाबून क्रूला लगेच सांगा. संकोच करू नका.

२. कापडी किंवा एन-९५ मास्क वाफ अडवत नाही.

३. प्रवाशांचे पिवळे ऑक्सिजन मास्क धुरासाठी नाहीत. त्यांत केबिनची हवाही मिसळते. ते दाब कमी झाल्यावर वापरण्यासाठी आहेत. म्हणून धूर असताना ते खाली आले नाहीत तर क्रूवर चिडू नका.

४. दमा, सीओपीडी असेल तर इनहेलर वरच्या सामानात न ठेवता खिशात ठेवा.

५. बाहेर पडायला सांगितले तर बॅगा काढत बसू नका.

तुम्ही किंवा तुमची मुले क्रूमध्ये असतील तर

तुमचे गणित वेगळे आहे. तुम्ही महिन्याला सत्तर-ऐंशी तास त्या हवेत असता. म्हणून:

१. वैमानिकांनी शंका येताच शंभर टक्के ऑक्सिजनचा मास्क लावावा. 'बघू थोडा वेळ' म्हणू नये. दूषित हवेत पहिला बळी निर्णयशक्तीचा जातो, आणि तो गेला हे स्वतःला कळत नाही.

२. त्याच दिवशी लिहून ठेवा: तारीख, उड्डाण क्रमांक, विमानाचा नोंदणी क्रमांक, वास कसा होता, कोणत्या टप्प्यावर आला, किती मिनिटे टिकला, कोणाकोणाला काय झाले. कंपनीकडे लेखी अहवाल द्या आणि त्याची प्रत स्वतःजवळ ठेवा.

३. त्रास होत असेल तर घरी जाऊन झोपण्याआधी डॉक्टरांना दाखवा. रक्तातल्या कार्बन मोनॉक्साइडची तपासणी पहिल्या काही तासांतच उपयोगी असते. बोटाला लावायचे साधे पल्स ऑक्सिमीटर कार्बन मोनॉक्साइड ओळखत नाही आणि आकडा चांगला दाखवते.

४. पुढच्या तीन-चार आठवड्यांत पायांना मुंग्या, पोटऱ्यांत दुखणे, पावलात कमजोरी, न थांबणारा खोकला किंवा दम लागणे असे काही झाले तर पुन्हा दाखवा. डॉक्टरांना उड्डाणातल्या प्रसंगाविषयी आपणहून सांगा. ते विचारतीलच असे नाही.

५. गरोदर असाल आणि असा प्रसंग घडला असेल तर स्त्रीरोगतज्ज्ञांना लगेच कळवा.

६. इंटरनेटवर विकत मिळणारी 'डिटॉक्स' पावडर, काढे यांच्या मागे लागू नका. या बाधेवर असे कोणतेही सिद्ध औषध नाही. मोकळी हवा, गरज असेल तर ऑक्सिजन आणि लक्षणांवर उपचार हाच मार्ग आहे.

आणि माझ्या डॉक्टर मित्रांना एक विनंती. फवारणी करून आलेल्या शेतमजुराला आपण विचारतो, "कोणते औषध मारले? किती वेळ? ब्लोअरवर होता की पंप पाठीवर होता?" तसेच चक्कर आणि डोकेदुखी घेऊन आलेल्या हवाई सेविकेला विचारा, "शेवटचे उड्डाण कधी होते? काही वास आला होता का?" या दोन प्रश्नांना एक मिनिट लागते.

या सगळ्या इतिहासात मोरोक्को, मुंबई आणि कोलकात्यात उत्तर सापडले, कारण तेल हाताशी होते. विमानातल्या हवेचा नमुना आपल्याला मागे ठेवता येत नाही. नियमाने हवा मोजणारी यंत्रे येईपर्यंत क्रूच्या वहीतली त्या दिवशीची नोंद आणि डॉक्टरांच्या केसपेपरवरच्या चार ओळी हाच पुरावा आहे. तो लिहून ठेवायला विसरू नका.

हा लेख माहितीसाठी आहे. स्वतःच्या त्रासाबद्दल आपल्या डॉक्टरांचा प्रत्यक्ष सल्ला घ्यावा. ओळखीत कोणी केबिन क्रू किंवा वैमानिक असतील, तर हा लेख त्यांच्यापर्यंत जरूर पोहोचवा.